उंबरठ्याच्या आतली रुग्णसेवा

शहराच्या आरोग्याचा इतिहास लिहिताना आपण बहुधा इमारतींचाच इतिहास लिहितो. नागपूरच्या मोमिनपुऱ्यापासून मेयो रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे. पण एके काळी पडदानशीन बाईसाठी घराचा उंबरठा आणि रुग्णालयाचा दरवाजा यांतले अंतर पावलांनी मोजता येत नव्हते. बाळंतपण घरीच, मोहल्ल्यातील दाईच्या हातून होई. दाईपाशी अनुभव होता, माया होती. जंतूंचे ज्ञान तेवढे नव्हते. न उकळलेल्या हत्याराने नाळ कापली जाई आणि धनुर्वाताने अर्भके दगावत. हे दुखणे एकट्या मुसलमानांचे नव्हते. हिंदू वाड्यातील बाळंतिणीची अंधारी खोलीही याहून वेगळी नव्हती.

1885 मध्ये लेडी डफरिन फंड सुरू झाला. स्त्रियांना स्त्रियांकडूनच उपचार मिळावेत, त्यासाठी परिचारिका आणि सुइणी तयार व्हाव्यात, हा त्यामागचा हेतू होता. नागपूरच्या डफरिन रुग्णालयात कमलाबाई होस्पेट यांनी परिचर्येचे शिक्षण घेतले. त्यांना अकाली वैधव्य आले होते. बाळंतपणाचे काम विटाळाचे मानले जात असताना एका ब्राह्मण विधवेने ते पत्करावे, हे बंडच होते. 1921 मध्ये वेणूताई नेने यांच्यासह त्यांनी मातृसेवा संघ उभा केला. 1961 मध्ये कमलाबाईंना पद्मश्री मिळाली.

घरी जाऊन शुश्रूषा करण्याची पद्धत जगाला नवी नव्हती. इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात विल्यम रॅथबोन यांनी 1859 मध्ये गरिबांच्या घरी परिचारिका पाठवायला सुरुवात केली होती. आपल्याकडे 2013 च्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाने तेच सूत्र स्वीकारले: वस्तीतील 200 ते 500 घरांमागे एक आशा कार्यकर्ती. गर्भवतीची नोंद, लसीकरणाची आठवण, बाळंतिणीची विचारपूस ही तिची कामे. मोबदला मात्र पगार म्हणून नव्हे, मानधन आणि कामागणिक रक्कम म्हणून मिळतो.

ज्या दारातून डॉक्टर आत जाऊ शकत नाही, त्या दारातून ओळखीची बाई सहज आत जाते. दाईपासून आशापर्यंतच्या इतिहासाचे सार हेच आहे. औषधाआधी विश्वास आत जावा लागतो. मग आपल्या मोहल्ल्यातील मुलगी परिचारिका होऊ म्हणते, तेव्हा घरातले कपाळाला आठ्या का घालतात? आजारपणात आपल्यालाही तिचाच हात हवा असतो. तो हात आपल्याच घरातून पुढे यायला हवा.