ठगीचें दप्तर आणि राष्ट्राची सुरक्षितता

राष्ट्राच्या सुरक्षिततेसाठीं सरकारदरबारीं एक स्वतंत्र खातें असावें, ही गोष्ट आपण आतां इतकी गृहीत धरून चालतों कीं, तें खातें नेमकें कशासाठीं आहे हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. विचारलाच तर उत्तर तयार असतें: शत्रूवर नजर ठेवण्यासाठीं. पण शत्रु कोण, हें कोणीं ठरवावयाचें? आणि ज्याच्यासाठीं खातें काढलें तो शत्रु नाहींसा झाला, तर मग खात्यानें काय करावयाचें? आपल्या देशांतील अशा खात्यांमध्यें सर्वांत जुनें म्हणजे दिल्लीचें 'इंटेलिजन्स ब्यूरो' ऊर्फ गुप्तवार्ता विभाग. त्याचा पूर्वेतिहास मोठा चमत्कारिक आहे. राजकारणांत त्याचा उगम नाहीं, परराष्ट्रांच्या हेरांतहि नाहीं. तो आहे नर्मदेच्या खोऱ्यांतील वाटमाऱ्यांत.

पेंढारी मोडले, पेशवाई गेली, तरी मध्य हिंदुस्थानचे रस्ते निर्धोक झाले नव्हते. प्रवाशांच्या तांड्यांत मिसळावें, गोड बोलून चार मजला बरोबर चालावें, आणि मग एखाद्या ओढ्याकांठीं रुमालानें गळा आवळून प्रेत पुरून टाकावें, असा धंदा करणाऱ्या टोळ्यांना उत्तरेंत ठग व दक्षिणेंत फांसीगर म्हणत. लॉर्ड बेंटिंकच्या कारकीर्दींत त्यांच्या बंदोबस्ताचें काम जबलपूरकडील विल्यम स्लीमन या अधिकाऱ्याकडे आलें, आणि १८३५ सालीं त्याला ह्या कामाचा मुख्य सुपरिंटेंडेंट नेमण्यांत आलें.

स्लीमनपुढील अडचण शिपायांची नव्हती, माहितीची होती. खून एका संस्थानांत व्हावा, खुनी दुसऱ्या संस्थानांत राहावा, मेलेल्याचे आप्त तिसरीकडेच वाट पाहात बसावे. मग फिर्याद कोणीं आणि कोठें करावी? स्लीमननें ही कोंडी फोडली ती माफीच्या साक्षीदारांच्या साहाय्यानें. पकडलेल्या ठगाला जीवदान द्यावें, त्याच्याकडून साथीदारांचीं नांवें, पुरलेल्या प्रेतांच्या जागा, घराण्यांच्या वंशावळी वदवून घ्याव्यात, एकाचा जबाब दुसऱ्याच्या जबाबाशीं ताडून पाहावा, आणि हें सारें एका ठिकाणीं नोंदवून ठेवावें. ठगांच्या सांकेतिक भाषेचा कोशहि त्यानें १८३६ सालीं 'रामसीआना' या नांवानें छापविला. माणसापेक्षां त्याच्या नांवाचा कागद आधीं पकडावयाचा, ही युक्ति आज साधी वाटेल. त्या काळीं ती नवी होती.

युक्तीच्या जोडीला कायदा आला. १८३६ च्या तिसाव्या कायद्यानें असें ठरलें कीं, कंपनीच्या मुलुखांत वा मुलुखाबाहेर, हा कायदा होण्यापूर्वीं वा नंतर, जो कोणी ठगांच्या टोळींत होता असें सिद्ध होईल त्याला जन्मभर सक्तमजुरीचा तुरुंगवास मिळावा. अमक्यानें तमक्याला अमुक दिवशीं मारलें हें सिद्ध करण्याची गरज उरली नाहीं. तो 'त्यांच्यापैकीं' होता एवढें पुरे. आणि ठग म्हणजे कोण, ह्याची व्याख्या मात्र त्या कायद्यांत नाहीं! कृत्याला नव्हे तर संगतीला शिक्षा, तीहि मागील काळाला लागू होणारी, आणि पुरावा बव्हंशीं फितुरांच्या तोंडचा. रस्त्यावरचे खून खरे होते आणि ते थांबलेहि. ह्याचें श्रेय स्लीमनला न देणें अन्यायाचें होईल. परंतु सबंध हिंदुस्थानभर पसरलेला, कालीच्या नांवानें नरबळी देणारा एकच गुप्त पंथ होता, हें जें चित्र ह्या दप्तरांतून उभें राहिलें, त्यांत ठगांची करणी किती आणि दप्तराची किती, ह्याविषयीं इतिहासकारांचा वाद अलीकडे पुष्कळ रंगला आहे. इंग्रज वाचकांना तें चित्र मेडोज टेलरच्या १८३९ च्या कादंबरीनें घरोघर पोंचविलें. हाच टेलर पुढें निजामाच्या मुलुखांत आपल्या नळदुर्गचा कारभार पाहात होता.

ठग आटोक्यांत येऊं लागले तेव्हां, १८३९ सालीं, खात्याकडे दरोडेखोरांचें कामहि देण्यांत आलें. काम संपत आलें कीं दुसरें काम सांपडतें, ही सरकारी खात्यांची जातच आहे. १८६१ च्या कायद्यानें प्रांतोप्रांतीं पोलीस उभे राहिल्यावर तर ठगी-दरोडे खात्याला मुख्यतः संस्थानांपुरतेंच काम उरलें. खातें त्या वेळीं बंद झालें असतें तर कोणाला चुकल्यासारखें वाटलें नसतें.

पण मध्यंतरीं 'दरोडा' ह्या शब्दाचा अर्थ बदलत होता, आणि तो बदलला प्रथम आपल्याच प्रांतांत. १८७९ सालीं पुण्याच्या लष्करी हिशेबखात्यांतील एक कारकून, वासुदेव बळवंत फडके, रामोशी व कोळी जमवून सावकारांवर छापे घालूं लागला. लुटीचा पैसा हवा होता तो इंग्रजी राज्य उलथून टाकण्यासाठीं. हा दरोडा म्हणावा कीं बंड? सरकारला दोन्ही म्हणावें लागलें. फडके त्याच वर्षीं जुलैमध्यें पकडला गेला व १८८३ सालीं एडनच्या तुरुंगांत वारला. परंतु सरकारच्या मनांत जी शंका शिरली ती गेली नाहीं.

१८८७ सालीं ती शंका कागदावर उतरली. रशियाचें सैन्य मध्य आशियांत पुढें सरकत होतें. पंजाबचा पदच्युत महाराजा दुलीपसिंग त्याच वर्षीं रशियांत जाऊन पोंचला होता. लॉर्ड डफरिनच्या सरकारनें डिसेंबरांत राजकीय बातमी एकत्र करणारी एक मध्यवर्ती शाखा काढण्याचें ठरविलें. तिला जागा कोठें द्यावयाची? सिमल्यास ठगी-दरोडे खात्याची कचेरी होतीच. संस्थानांतून बातमी आणण्याची तिची वहिवाट होती, दप्तर ठेवण्याची रीतहि होती. म्हणून ही 'सेंट्रल स्पेशल ब्रँच' तिच्याच घरांत बसविण्यांत आली. मूठभर माणसें, प्रांतांकडून येणारे अहवाल, आणि कपाटें. एवढाच तिचा संसार.

येथें एक गंमत पाहा. १८९३ सालीं गोरक्षणाच्या चळवळीवरून उत्तरेंत व मुंबईंत दंगे झाले. त्या वेळीं गोरक्षिणी सभांची सरकारसाठीं सविस्तर टिपणी लिहिली ती मॅक्क्रॅकन नांवाच्या अधिकाऱ्यानें. त्याच्या हुद्द्याचें नांव? ठगी व दरोडे यांच्या बंदोबस्ताचा मुख्य सुपरिंटेंडेंट! सभा भरविणारे, वर्गणी जमविणारे, व्याख्यानें देणारे लोक आतां त्याच कपाटांत नोंदले जाऊं लागले, जेथें पूर्वीं रुमालानें गळा आवळणाऱ्यांच्या वंशावळी ठेविल्या होत्या.

१८९७ सालीं पुण्यास ह्याची आंच लागली. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. खरे मारेकरी कोण हें सरकारला ठाऊक नव्हतें. पण कोणाकडे संशयानें पाहावयाचें हें ठाऊक होतें. टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन अठरा महिन्यांची शिक्षा झाली. सरदार नातू बंधूंवर तर खटलाहि झाला नाहीं. एल्फिन्स्टनच्या काळचें, १८२७ चें पंचविसावें रेग्युलेशन बाहेर काढून त्यांना आरोपावांचून अटकेंत ठेवलें. चाफेकर सांपडले तेहि एवढ्या कपाटांच्या बळावर नव्हे, तर द्रविड बंधूंच्या खबरीवरून. आणि त्या खबरीची किंमत द्रविडांनीं १८९९ सालीं प्राणांनीं दिली.

कर्झनशाहींत नेमलेल्या पोलीस कमिशनच्या शिफारशीनंतर १९०४ सालीं ठगी-दरोडे खातें अखेर मोडलें व त्याच्या जागीं मध्यवर्ती गुन्हे-गुप्तवार्ता खातें निघालें. त्याचा उद्देश कागदोपत्रीं तरी साधा होता: भटक्या टोळ्या, खोटें नाणें, नोटांचे बनावटखोर, चोरटीं शस्त्रें. पण पुढच्याच वर्षीं बंगालची फाळणी झाली, आणि बाँब व पिस्तुल यांचें युग सुरू झाल्यावर नाणें पाडणाऱ्यांकडे लक्ष देण्यास खात्याला सवड राहिली नाहीं. १ जुलै १९०९ रोजीं मदनलाल धिंग्रानें लंडनमध्यें कर्झन वायली यास ठार केलें. त्यानंतर मुंबईकडील पोलीस अधिकारी जॉन वॉलिंजर यास हिंदी विद्यार्थ्यांच्या पाळतीसाठीं विलायतेस धाडण्यांत आलें. पहिल्या महायुद्धांत ह्याच वॉलिंजरनें सॉमरसेट मॉम या लेखकाला हेरगिरीस जुंपलें. मॉमच्या 'ॲशेंडन'मधील हेरप्रमुखाचें पात्र त्याच्यावरूनच घेतलें असें मानतात. १९२० सालीं खात्याला 'इंटेलिजन्स ब्यूरो' हें आजचें नांव मिळालें. १९२४ ते १९३१ पर्यंत त्याचा मुख्य असलेला डेव्हिड पेट्री पुढें दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटनच्या 'एम. आय. ५'चा मुख्य झाला. हिंदुस्थानांत हस्तगत केलेली विद्या घरीं उपयोगीं पडली, एवढाच ह्याचा अर्थ.

१९४७ च्या एप्रिलमध्यें संजीवी पिल्ले हे पहिले हिंदी संचालक झाले. इंग्रजांनीं जातांना बरेचसें नाजूक दप्तर नष्ट केलें होतें. कपाटें रिकामीं झालीं, पण संवय? ज्या काँग्रेस पुढाऱ्यांच्या मागें हें खातें पिढीभर फिरलें तेच आतां त्याचे धनी झाले होते. कालपर्यंतचा शत्रु आज मालक, आणि उद्यांचा शत्रु अजून ठरलेला नाहीं, अशा त्या काळांत कसोटीचा क्षण आला.

२० जानेवारी १९४८ रोजीं बिर्ला भवनांत गांधीजींच्या प्रार्थनासभेजवळ स्फोट झाला. स्फोट करणारा मदनलाल पाहवा जागच्या जागीं सांपडला. त्याच्या जबाबांत पुण्याच्या एका मराठी पत्राच्या संपादकाचा उल्लेख आला. मुंबईंत एका प्राध्यापकानें मदनलालकडून पूर्वीं ऐकलेली हकीगत थेट गृहमंत्र्यांच्या कानीं घातली. पुण्याच्या पोलिसांना तो संपादक व त्याचे स्नेही अनोळखी नव्हते. म्हणजे दुवे सारे हातांत होते: एक दिल्लींत, एक मुंबईंत, एक पुण्यांत. स्लीमनची सारी हिकमत हीच नव्हती काय, कीं तीन ठिकाणचे तीन जबाब एका मेजावर आणावे? तें मेज ह्या वेळीं भरलेंच नाहीं. दिल्लींतून जबाबाची प्रत घेऊन निघालेले पुण्याचे वरिष्ठ अधिकारी विमानानें न जातां आगगाडीनें अलाहाबादमार्गें परतले. सभेला येणाऱ्यांची झडती घेऊं देण्यास खुद्द गांधीजींनीं नकार दिला, हें खरें. परंतु चेहरा ओळखणारीं माणसें पुण्याहून आणून गर्दींत उभीं करण्यास कोणाची हरकत नव्हती. दहा दिवस गेले. न्यायमूर्ति जीवनलाल कपूर यांच्या कमिशननें १९६९ सालीं ह्या दहा दिवसांचा जो ताळेबंद मांडला, तो वाचतांना राग येण्यापूर्वीं आश्चर्यच वाटतें. ज्या माणसाच्या हालचालींची नोंद करण्यांत सरकारचीं गुप्त खातीं तीस वर्षें खपलीं, त्याला वांचविण्याची वेळ आली तेव्हां तीं अपुरीं पडलीं. पाळत ठेवणें व राखण करणें हीं दोन निराळीं कामें आहेत, आणि ह्या यंत्राला पहिल्याच कामाचें वळण होतें.

संविधानाच्या संघसूचींत आठव्या क्रमांकावर 'केंद्रीय गुप्तवार्ता व अन्वेषण विभाग' असा विषय नमूद आहे. पण ह्या खात्याचा उद्देश, अधिकार आणि मर्यादा सांगणारा संसदेचा स्वतंत्र कायदा आजतागायत झालेला नाहीं. १९६२ च्या चिनी युद्धानें आणि १९६५ च्या पाकिस्तानी युद्धानें परदेशी बातमीची उणीव उघडी पाडली, तेव्हां १९६८ सालीं तें काम वेगळें काढून 'रिसर्च अँड ॲनालिसिस विंग'कडे दिलें गेलें. देशांतर्गत काम जुन्या खात्याकडेच राहिलें.

जुन्या दप्तराचें पुढें काय झालें, हें सांगून थांबतों. मुंबई सरकारनें १९५७ व १९५८ सालीं स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासाच्या साधनांचे पहिले दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांतील बराचसा मजकूर पोलिसांच्या गुप्त अहवालांतून घेतलेला आहे: टिळक कोणत्या सभेंत काय बोलले, गणपतीच्या मेळ्यांत कोणतीं पदें म्हटलीं गेलीं, श्रोते किती होते. ज्या व्याख्यानांचा दुसरा कोणताहि वृत्तांत आज उरलेला नाहीं, तीं सभेच्या मागच्या रांगेंत बसून कोणीतरी इमानेंइतबारें टिपून घेतलीं होतीं. त्या टिपणाऱ्यांचीं नांवें बहुतेक ठिकाणीं दिलेलीं नाहींत.