ताप उतरला, पण स्वभाव बदलला

आजच्या भागात जाऊया १९१७ सालच्या व्हिएन्नात. महायुद्ध चालू आहे. डॉक्टर कॉन्स्टँटिन फॉन एकोनोमो यांच्याकडे विचित्र रुग्ण येतायत. ताप, डोकेदुखी आणि मग झोप. इतकी, की जेवता जेवताही माणूस झोपतो! एकोनोमोंनी आजाराला नाव दिलं 'एन्सेफलायटिस लेथार्जिका', म्हणजे मेंदूला सूज आणून झोपवणारा आजार. पुढची दहाएक वर्षं ही साथ जगभर फिरली.

मला मात्र सांगायचंय ते साथीतून वाचलेल्यांबद्दल. त्यातही मुलांबद्दल. आधी शांत असलेली मुलं आजारानंतर चोऱ्या करू लागली, खोटं बोलू लागली, मारहाण करू लागली. रात्रभर जागायची. बुद्धी बऱ्याचदा शाबूत असायची. काहींना नंतर पश्चात्तापही व्हायचा, पण हात आवरत नसे. शाळेतून काढलं जायचं, वाया गेलेलं पोर म्हणून शिक्का बसायचा. शेवटी काही देशांत त्यांच्यासाठी वेगळे वॉर्ड काढावे लागले.

मोठ्यांचं उलट. कित्येकांना पुढे, कधी कधी तर काही वर्षांनी, पार्किन्सनसारखा ताठरपणा आला. माणसं पुतळ्यासारखी बसून राहिली.

हे का झालं? धागा सापडला १९६० साली, तोही व्हिएन्नातच. एहरिंगर आणि होर्निकीविच यांनी पार्किन्सनने गेलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले. त्यांत या साथीतून वाचलेलेही होते. मेंदूच्या आतल्या काही भागांत डोपामाइन हे रसायन फारच कमी भरलं. हालचाल, उत्साह, इच्छा या सगळ्यांशी याचा संबंध.

मग १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डॉक्टर ऑलिव्हर सॅक्स यांनी अशा रुग्णांना एल-डोपा दिलं. शरीरात त्यापासून डोपामाइन बनतं. अनेक वर्षं गोठल्यासारखी असलेली माणसं बोलू-चालू लागली! पण आनंद टिकला नाही. बऱ्याच जणांना झटके, अस्वस्थता, अनावर ऊर्मी यांनी घेरलं. म्हणजे रसायन कमी पडलं तरी वागणं बदलतं, बाहेरून दिलं तरीही.

या आजाराचं नेमकं कारण आजही सिद्ध झालेलं नाही. १९१८ च्या फ्लूशी नातं जोडतात, पण ठोस पुरावा नाही. आणि तापानंतरची प्रत्येक चिडचिड म्हणजे हाच प्रकार, असंही नव्हे बरं का. पण मोठ्या आजारातून उठलेलं घरातलं कुणी वेगळंच वागू लागलं, तर "मुद्दाम करतोय" म्हणण्याआधी डॉक्टरांना दाखवा. त्या मुलांना आधी शिक्षा मिळाली, निदान नंतर.