मुलांना गोळी गिळायला शिकवताना

‘नाक दाबले की तोंड उघडते’ ही म्हण व्यवहारात खरी असली, तरी लहान मुलाला औषध देताना ती शब्दशः अमलात आणणे धोक्याचे ठरते. रडणारे मूल श्वास घेताना गोळी श्वासनलिकेत ओढून घेऊ शकते. शिवाय औषधाची मनात बसलेली धास्ती पुढे दीर्घकाळ टिकते. वास्तविक गोळी गिळणे हे सायकल चालवण्यासारखेच सरावाने साधणारे कौशल्य आहे. साधारणतः चार वर्षांनंतर बऱ्याच मुलांना ते शिकवता येते.

चुरडण्यातील धोका

गोळी दोन चमच्यांमध्ये चुरडून मधातून देणे, हा घरोघरी आढळणारा उपाय. काही गोळ्यांच्या बाबतीत तो चालतो, पण सर्व नाही. अपस्मारावर (फिट येण्यावर) दिल्या जाणाऱ्या सोडियम व्हॅल्प्रोएटच्या काही गोळ्यांतून औषध हळूहळू रक्तात मिसळते. अशी गोळी चुरडल्यास कित्येक तास पुरणारे औषध एकदम शरीरात उतरते. पॅन्टोप्राझोलच्या गोळीवरील आवरण जठरातील आम्लापासून औषधाचे रक्षण करते. ते फुटल्यास औषधाचा परिणाम घटतो. याउलट क्षयरोगाच्या बालकांसाठीच्या काही गोळ्या पाण्यात विरघळवूनच द्यायच्या असतात. त्यामुळे कोणतीही गोळी चुरडण्यापूर्वी किंवा तोडण्यापूर्वी डॉक्टरांना वा औषधविक्रेत्यांना विचारावे.

सराव कसा करावा?

मूल आजारी नसताना, घाई नसलेल्या वेळी, पाच-दहा मिनिटेच सराव करावा. प्रथम केवळ पाण्याचा घोट गिळायला सांगावा. नंतर केकवर भुरभुरवतात तो साखरेचा बारीक रंगीत दाणा, मग शिजवलेला साबुदाणा, त्यानंतर साखरेचे आवरण असलेली बडीशेप, अशा क्रमाने आकार वाढवावा. एक आकार चार-पाच वेळा सहज गिळता आल्यावरच पुढचा घ्यावा. अडखळल्यास आधीच्या आकारावर परतावे आणि जमलेल्या घोटावरच सराव थांबवावा. शेंगदाणे, फुटाणे किंवा मोठ्या कडक गोळ्या सरावासाठी कधीही वापरू नयेत.

मुलाने ताठ बसावे. गोळी जिभेच्या मध्यावर ठेवून पाण्याचा मोठा घोट घ्यावा. मान मागे टाकण्याची सवय चुकीची आहे. कॅप्सूल हलकी असल्याने पाण्यावर तरंगते. म्हणून ती गिळताना हनुवटी किंचित छातीकडे झुकवावी. जर्मनीतील हायडेलबर्ग येथील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रौढांवरील अभ्यासात ही पद्धत उपयुक्त आढळली होती.

पाण्याबरोबर गोळी जात नसल्यास चमचाभर दही किंवा कुस्करलेल्या केळ्यातून ती गिळता येते. मात्र सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी काही प्रतिजैविके दूध-दह्याबरोबर नीट शोषली जात नाहीत, हे ध्यानात ठेवावे. गोळीनंतर पुरेसे पाणी पाजावे व मुलाला लगेच आडवे करू नये. डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी अन्ननलिकेत अडकल्यास तेथे जखम होऊ शकते.

काही पथ्ये

मराठीत लिमलेटचीही ‘गोळी’ आणि औषधाचीही ‘गोळी’च. त्यामुळे सरावाला खाऊ वापरला, तरी ‘हे औषध आहे, खाऊ नव्हे’ असे मुलाला स्पष्ट सांगावे आणि औषधे कुलपात ठेवावीत. सरावाच्या वेळी मोठ्या माणसाने समोरच बसावे. ठसका लागल्यास मुलाला खोकू द्यावे. आवाज फुटेनासा झाला किंवा श्वास अडला, तर पुढे वाकवून पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मधोमध जोरात थापा माराव्यात आणि त्याच वेळी १०८ क्रमांकावर मदत मागवावी. जेवतानाही वारंवार ठसका लागणाऱ्या किंवा मेंदू व स्नायूंचे विकार असणाऱ्या मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याविना हा सराव देऊ नये.

अपस्मार किंवा थॅलेसेमियासारख्या आजारांत औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागते. तेथे थुंकलेली प्रत्येक गोळी म्हणजे चुकलेली मात्रा असते. निवांतपणे शिकवलेला एक घोट अशा मुलाच्या उपचारांत खंड पडू देत नाही.