टेसन परळीचं, तोंड हैदराबादकडं

आमच्या भागात नुसतं 'टेसन' म्हटलं की ते परळीचं. घाटनांदूरलाही गाडी थांबते, पण लांबच्या प्रवासाला निघालेला माणूस गाठोडं घेऊन परळी वैजनाथलाच यायचा. जिल्ह्याचं गाव बीड; तिथून हे टेसन नव्वदेक किलोमीटर. जिल्ह्याच्या पार पूर्वेच्या कोपऱ्यात रेल्वे अन् बीडला रूळच नाहीत, हे कोडं मला शाळेत असल्यापासून पडायचं.

त्याचं उत्तर जुन्या राजवटीत आहे. अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणायचे त्या काळात मराठवाडा निजामाच्या राज्यात होता अन् रूळही निजामाच्या रेल्वेनं टाकले. विकाराबादहून निघालेली ही वाट बीदर, उदगीर, लातूर रोड करत परळीला येते आणि पुढं गंगाखेडवरून परभणीला मिळते. राजधानी हैदराबाद, म्हणून रुळांचं तोंडही तिकडंच. आमचे आजोबा म्हणायचे, "हैदराबाद जवळ हाय, पुणं लई लांब." मैल मोजले तर फारसा फरक नाही. पण गाडी जिथं नेऊन सोडते ते गाव माणसाला जवळ वाटतं.

१७ सप्टेंबर १९४८ला निजामाचं राज्य गेलं. १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६०ला महाराष्ट्र झाला. मंत्रालय मुंबईला, लेकरांची कॉलेजं अन् नोकऱ्या पुण्याला. रूळ मात्र होते तिथंच राहिले. लातूरकडून पंढरपूर-मिरजेला जाणारी गाडी नॅरोगेजची. रेल्वेनं पुण्याला जायचं तर परभणी, मनमाड, दौंड असा भला मोठा वळसा. लोक वैतागून एसटीत बसायचे.

तरी टेसन ओस पडलं नाही. वैजनाथाच्या यात्रेकरूंनी ते जागतं ठेवलं. १९७१ला औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच सुरू झाला, मग कोळशाच्या वाघिणी येऊ लागल्या. पुढं लातूर-कुर्डुवाडी ब्रॉडगेज झाली अन् पुण्याचा वळसा सुटला. आजही हे टेसन दक्षिण मध्य रेल्वेच्या सिकंदराबाद विभागातच आहे.

अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५-९६ला मंजूर झाला. बीडला पहिली प्रवासी गाडी धावली ती १७ सप्टेंबर २०२५ला, मुक्तिसंग्राम दिनीच. मंजुरीपासून तीस वर्षं. ज्यांनी त्या गाडीची वाट पाहिली, त्यातले कितीतरी म्हातारे तोवर गेले. बीड ते परळी हा तुकडा अजून बाकी आहे.

तो जोडला गेला की परळीला पश्चिमेकडं सरळ दार उघडेल. राज्य बदलायला पाच दिवसांची पोलीस कारवाई पुरली. रुळांची दिशा बदलायला तीन पिढ्या लागल्या. ज्या गावात गाडी येत नाही, तिथं स्वातंत्र्यही जरा उशिराच पोचतं.