मावळातले कागद छापखान्यापर्यंत

भोर आणि वेल्हे (आता राजगड) या दोन तालुक्यांत रोहिडखोरे, हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद मावळ ही शिवकाळातली खोरी येतात. इथल्या देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांत मोडी कागदांचे रुमाल पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले गेले, ते इतिहासाच्या आवडीने नव्हे. वतनाचा तंटा उभा राहिला की गोतसभेपुढे कागद ठेवावा लागे. सनद, महजर, निवाडपत्र आणि घराण्याची हकीकत सांगणारा करीना ही सारी हक्काची साधने होती. तंटा जिंकण्यासाठी जपलेला कागद आपल्या घराण्याची बाजू मांडणार, हे तो छापणाऱ्याने आधीच धरून चालावे.

हे रुमाल सोडवून छापण्याची परंपरा विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांच्यापासून रुळली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढे खंडांची संख्या २२ वर गेली. अशा पुस्तकाला गिऱ्हाईक थोडे आणि खर्च मोठा, त्यामुळे पैशांची ओढाताण राजवाड्यांच्या पाचवीलाच पुजलेली होती. वाड्याचे दारही सहज उघडत नसे, कारण पुरावा भाऊबंदांच्या हाती लागेल ही धास्ती असे. मावळातल्या देशमुख घराण्यांचे कागद पंधराव्या खंडात आले. राजवाड्यांच्या प्रस्तावनांतली मते पुष्कळदा टोकाची असतात आणि त्यांतली काही आज टिकत नाहीत. पण पत्राला क्रमांक देऊन मजकूर छापायचा आणि आपले म्हणणे प्रस्तावनेत वेगळे मांडायचे, या शिस्तीमुळे खंड आजही हाताशी ठेवावे लागतात.

एकट्याच्या खांद्यावरचे हे ओझे पुढे संस्थेने उचलले. ७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. सभेत निबंध वाचायचा, जाणकारांचे आक्षेप ऐकायचे आणि मग तो संमेलनवृत्तात किंवा इतिवृत्तात छापायचा, असा रिवाज तिथे पडला. ज्याच्याजवळ पुस्तकाइतका ऐवज नाही, त्याच्यासाठी हीच वाट सोयीची ठरली.

या वाटेने आलेला सर्वांत गाजलेला कागद भोर तालुक्यातल्या कारी गावचा. रायरेश्वराच्या परिसरातले हे गाव कान्होजी जेध्यांच्या घराण्याचे. तिथल्या दाजीसाहेब जेधे देशमुखांकडची शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये मंडळातर्फे प्रसिद्ध झाली. शकावली म्हणजे तिथीवार नोंदींची यादी: शक, महिना, तिथी आणि पुढे घटना, बहुधा एखाद्या ओळीत. वर्णनाचा पाल्हाळ नाही की नायकाची स्तुती नाही. सुरुवात शके १५४० मधल्या औरंगजेबाच्या जन्माने होते आणि नोंदी शके १६१९ पर्यंत, म्हणजे १६९७ पर्यंत जातात. पंचांग आणि ज्योतिर्गणित यांचा व्यासंग असलेल्या माणसाकडेच तिथींची यादी जावी, हा योग मोठा नामी.

शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखातला असे तोवर सर्रास मानले जाई. शकावलीत फाल्गुन वद्य ३, शके १५५१ अशी तिथी निघाली, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. एका कागदावर भिस्त ठेवून कोणी ती लगेच स्वीकारली नाही. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’तही तीच तिथी मिळाली, जोधपूरकडून आलेल्या जन्मकुंडलीने तिला दुजोरा दिला, आणि तरीही वाद कित्येक वर्षे चालला. द. वि. आपटे आणि स. म. दिवेकर यांनी १९२५ मध्ये ‘शिवचरित्रप्रदीपा’त शकावली पुन्हा दिली आणि जेधे घराण्याचा करीनाही दिला.

याच मुलखातले दुसरे उदाहरण नेमके उलटे आहे. रोहिडखोऱ्यातल्या दादाजी नरसप्रभू देशपांडे यांच्या नावचे, ‘हिंदवी स्वराज्य’ या शब्दांसाठी प्रसिद्ध असलेले १६४५ चे पत्र राजवाड्यांच्याच खंडात छापले गेले. त्याच्या अस्सलपणाविषयी अभ्यासकांनी पुढे शंका घेतल्या. छापून आले एवढ्यावर कागद खरा ठरत नाही. मूळ कोणाकडे होते, अस्सल होते की नक्कल, शिक्का होता का, हे छापणाऱ्याने नोंदवले नसेल तर पुढच्याला पडताळा घेणे जड जाते.

आज एखाद्याला गावच्या दप्तरावर पुस्तक करायचे असेल, तर मालकाची लेखी संमती घ्यावी आणि कागद घरातून न हलवता तिथेच छायाचित्रे काढावीत. मोडी वाचन दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घ्यावे, फाटलेल्या जागी अंदाजाने घातलेली अक्षरे चौकटी कंसात ठेवावीत. भारतात लेखकाचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. टिळक १९२० मध्ये आणि राजवाडे १९२६ मध्ये वारले, तेव्हा त्यांचे मजकूर मुक्त आहेत. अलीकडच्या संपादकांच्या टीपा आणि प्रस्तावना मात्र परवानगीशिवाय उचलता येत नाहीत.

प्रकाशक लेखकाकडून खर्च मागत असेल, तर किती प्रती छापणार, न खपलेल्या प्रती कोणाच्या आणि दुसऱ्या आवृत्तीचा हक्क कोणाकडे, हे करारात लिहून घ्यावे. तोंडी बोलीवर निघालेल्या पुस्तकांचे गठ्ठे शेवटी लेखकाच्याच माळ्यावर चढतात. स्वतः छापणाऱ्याला आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. १९५४ च्या कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई व दिल्लीतल्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत प्रकाशनानंतर ३० दिवसांत पाठवावी लागते. एक प्रत भारत इतिहास संशोधक मंडळाच्या ग्रंथालयात आणि एक कागद देणाऱ्या घरी पोचवायला कायदा सांगत नाही, पण पुढच्या अभ्यासकाची पहिली चौकशी बहुधा याच दोन ठिकाणी होते.