इंजिन, उस्ताद आणि पाना



मोटेचा काळ आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. मोट बिघडली तर काय बिघडले, ते डोळ्यांना दिसत असे. नाडा तुटला, चामडे फाटले, नाहीतर चाक कुरकुरू लागले. दुरुस्त करणारा सुतार-चांभारही गावातलाच. मग विहिरीवर इंजिन आले. पाणी भराभर येऊ लागले खरे; पण बिघाड लोखंडाच्या पोटात दडून बसला. तो ओळखण्याची विद्या कुणाच्या हाती, हा प्रश्न तेव्हापासून आपल्या मराठवाड्यात उभा आहे. आज त्याचाच थोडा इतिहास पाहू.

१८७६ साली जर्मनीत निकोलाउस ओटो याने चार टप्प्यांचे इंजिन चालवून दाखवले. हवा आत घेणे, ती दाबणे, पेट घेऊन दट्ट्या ढकलणे आणि धूर बाहेर टाकणे, असे हे चार टप्पे. पुढे १८९७ मध्ये रुडॉल्फ डिझेल याचे इंजिन यशस्वी झाले. त्यात ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबतात की ती अतिशय तापते, आणि तेलाचा फवारा पडताच तो पेट घेतो. गंमत अशी, की १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात असे एक लहान डिझेल इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवले गेले होते. लातूरच्या आडतीत शेंगांची पोती पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट मुद्दाम सांगावी अशी आहे.

आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर घडवला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. १९३० नंतरच्या काही वर्षांत सातारा रोडच्या कूपर कारखान्यातून देशी डिझेल इंजिने निघू लागली. १९४६ मध्ये पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. मराठवाडा मात्र तेव्हा निजामाच्या संस्थानात होता. लातूरला बार्शी लाइटची छोटी गाडी १९११ साली पोहोचली होती. संस्थानच्या रेल्वेने १९३२ च्या जून महिन्यात २७ बसगाड्या आणि १६६ माणसे घेऊन मोटारसेवा सुरू केली. पुणे-अहमदनगर ही एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी सुटली, तेव्हा नांदेड आणि लातूर अजून संस्थानातच होते. १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्ती मिळाली.

हा इतिहास वर्कशॉपच्या बोलीत अजून ऐकू येतो, बरं का! उस्ताद, शागीर्द, दुरुस्ती हे शब्द फारसी-उर्दूतून आलेले. मिस्त्री हा पोर्तुगीजातून आलेला. नोजल, टॅपेट, गॅस्केट इंग्रजी. विद्या मात्र तोंडी होती. पोराने आधी वर्षभर पुर्जे रॉकेलात धुवायचे, मग पाना द्यायचा-घ्यायचा, मग कुठे उस्ताद कान लावून ऐकायला शिकवणार. १९५० साली केंद्र सरकारने कारागीर प्रशिक्षणाची योजना काढली, तिच्यातून आय.टी.आय. वाढल्या, आणि १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. उस्तादाच्या ओट्यावरची विद्या फळ्यावर आली.

ती विद्या तशी अवघड नाही. इंजिनाला मोजक्याच गोष्टी लागतात: तेल, हवा, दाब, आणि पेट्रोलचे असेल तर ठिणगी. इंजिन सुरू होत नसेल तर याच क्रमाने पाहावे. टाकी रिकामी झाल्यावर डिझेलच्या नळीत हवा शिरते. ती काढल्याशिवाय नुसते हँडल मारून दंड दुखवण्यात अर्थ नाही. धूरही बोलतो. काळा धूर म्हणजे तेल जास्त किंवा हवा कमी. निळसर म्हणजे वंगण जळते आहे. पांढरा सुटत राहिला तर डिझेल न जळता जाते आहे किंवा पाणी शिरले आहे.

मोटारीचेही तेच. जुन्या मोटारीला जास्त वेग मिळावा म्हणून कुणी कार्ब्युरेटरचे जेट मोठे करतो, टायमिंग पुढे ओढतो. मग गाडी चढावर ठकठकते आणि काळा धूर सोडते. अशा वेळी एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि पाहावे. चार गोष्टी एकदम फिरवल्या, की रोग कोणता आणि औषध कोणते, काही कळत नाही.

आता हत्यारांचे. १८४१ साली इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ याने आट्यांचे माप ठरवले. त्याच्या पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा, तोंडाचा नव्हे. आपण १९५६ साली मेट्रिक कायदा केला, १९५८ पासून तो लागू होत गेला, आणि मिलिमीटरचे पाने आले. त्यांच्यावरचा आकडा तोंडाचा. म्हणून घोटाळा होतो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. अर्ध्या इंची डोक्यावर १३ चा पाना बसतो, पण सैल. जोर लावला की कोपरे झिजतात, आणि दहा मिनिटांचे काम छिन्नीवर जाते.

तेव्हा कमी पैशांत हत्यारे घेणाऱ्याने चाळीस नगांची चकचकीत पेटी घेऊ नये. आपल्या इंजिनाचे नट आधी मोजावेत आणि लागतील तेवढेच पाने घ्यावेत, पण चांगल्या पोलादाचे. एक रिंग पाना, एक पक्कड, दोन पेचकस आणि टॅपेटची फट मोजायला फीलर गेज, एवढ्यावर पुष्कळ निभते. जुन्या बाजारात पाना घेताना तोंड फाकलेले नाही ना, हे नव्या नटावर बसवून पाहावे.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ची वाहने आली. त्यांचा बिघाड संगणकाला जोडून वाचतात. विहिरीवर बहुतेक विजेची मोटर बसली. पण संगणक आकडा दाखवतो, कारण माणसालाच शोधावे लागते. तेल, हवा, दाब, ठिणगी हा क्रम तिथेही चुकत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, विज्ञानाच्या तासाला चार टप्प्यांचे चित्र फळ्यावर काढा आणि गावातल्या मिस्त्रीला एक दिवस वर्गात बोलवा. तो सांगेल ते मुलांना वहीत मराठीत उतरवू द्या. आणि शेतकरी मंडळींनी इंजिनाजवळ एक वही टांगावी: वंगण कधी बदलले, काय बिघडले, कशाने सुधारले. पुढच्या वेळी मिस्त्री यायला उशीर झाला, तर पिकाचे पाणी त्या वहीपाशी अडणार नाही.