धातुवस्तूंच्या छायाचित्रांची सफाई

चकचकीत धातूच्या छायाचित्रातील धुळीचे ठिपके आणि ‘नॉइज’ म्हणजे रवाळपणा संगणकावर काढण्याची क्रिया. गोव्यातील डिचोली तालुका पितळी समयांसाठी ओळखला जातो; तिथली समई उदाहरणादाखल घेऊ. समईच्या गुळगुळीत दांड्यावर तिरप्या प्रकाशात धुळीचा बारीकसा कणही उजळ ठिपका होऊन उठतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरची धूळ मात्र प्रत्येक चित्रात त्याच जागी काळसर डाग उमटवते. मऊ कापडाने आधी पुसलेली समई पुढचे बरेच काम वाचवते. आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता वाढवल्यास सावलीत रवाळपणा दिसतो. तिपाई व आयएसओ १०० उत्तम. ठिपके ‘हीलिंग ब्रश’ने झळाळीच्या दिशेने टिपतात, रवाळपणा रेखीवपणा वाढवण्यापूर्वी घटवतात. अतिरेक झाला की पितळ प्लॅस्टिकसारखे दिसते. कारागिराच्या हत्याराच्या खुणा पुसणे ही चूकच.